ती श्वास विसरायची

रानात तूर पिवळी पडायला लागली, हरभऱ्याला घाटे धरले आणि सकाळी दुकानाच्या पायरीवर बसताना पायरी गार लागायला लागली, की उदगीरच्या माणसाला येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आठवते. ताकातली आंबील, ओल्या भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आठवतात. मला मात्र एक तळपाय आठवतो. माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा, सुरकुतलेला, लालसर, आणि त्याला चिकटपट्टीनं लावलेला एक लाल दिवा.

यंदाची येळवस आली आहे आणि यंदाही माझी मुलगी भागू सातव्या महिन्यात आहे. काही वर्षांपूर्वी ह्याच थंडीत, ह्याच महिन्यात तिची पहिली मुलगी वेळेआधी जन्माला आली होती, आणि जन्माला आल्यावर श्वास घ्यायचं अधूनमधून विसरत होती. ती मुलगी, गिरिजा, आता माझ्या दुकानातल्या गादीवर बसून हमालांना हुकूम सोडते. म्हणजे तेव्हाचं सगळं नीट पार पडलं. पण संकट टळलं की भीतीही जाते असं ज्यानं कुणी म्हणून ठेवलंय, त्याला नात नसावी.

माझा धंदा अडतीचा. शेतकऱ्याचा माल दुकानात उतरतो, सौदा निघतो, मी बोलतो आणि माल जातो. बोलणं हेच भांडवल. तोंडाची हवा विकून खाणारा माणूस, असं आमचे व्याही मला गमतीनं म्हणतात, आणि ते खोटं नाही. मूठभर सोयाबीन तळहातावर घेतलं की ओल किती, कचरा किती, मी बघताक्षणी सांगतो. अडचण कुठलीही असो, फोन कुणाला लावायचा हे मला ठाऊक असतं. निदान तशी माझी समजूत होती. त्या थंडीत लातूरच्या दवाखान्यात मी खिशातून फोन काढून उभा राहिलो आणि लावायला नंबरच सापडेना. कुणाच्या ओळखीनं श्वास मिळतो, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

भागू तेव्हा नांदेडहून आमच्याकडे आरामाला आली होती. जावई मन्मथराव तिकडे कॉलेजात शिकवतात. आल्या आल्या तिचे पाय सुजले. तिची आई, जिला घरात सगळे अव्वा म्हणतात, म्हणाली, पहिलटकरणीचे सुजतातच. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. उदगीरच्या डॉक्टरांनी एकदा बीपीच्या मशीनकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, गाडी काढा. लातूर." रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी निसवलेली, ऊन कोवळं, हवा अशी की एरवी माणसानं गाडी थांबवून बांधावर बसावं. भागूचं डोकं अव्वाच्या मांडीवर. मी पुढच्या सीटवर. ड्रायव्हरला हळू चालव म्हणावं की जोरात, हे ठरवता न आल्यामुळे मी दोन्ही म्हणत होतो.

लातूरच्या दवाखान्यात भागूला झटके आले. पोट फाडून लेकरू काढलं. ती वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात, लेकरू खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत, आणि मधल्या जिन्यावर मी. वर गेलो की वाटायचं खाली काहीतरी झालं असेल, खाली आलो की वाटायचं वर. दवाखान्यात इतर लेकरांचे नातेवाईक सोयर धरून बाराव्या दिवसापर्यंत लांब उभे असायचे. आमच्यात सोयर-सुतक मानत नाहीत, त्यामुळे मला लांब राहायला तेवढंही निमित्त नव्हतं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते लेकरू वाटलंच नाही. आम्ही पोत्यामागे कडता म्हणून जे किलोभर धान्य सोडून देतो, जवळपास तेवढंच तिचं वजन. ज्याच्याकडे आम्ही कधी वळूनसुद्धा बघत नाही, तेवढं. कातडीखालच्या निळ्या शिरा स्पष्ट दिसत होत्या. नाकाला हवेची बारीक नळी. ती हवा जराशा दाबानं आत जायची, म्हणजे फुप्फुसं मिटून बसणार नाहीत, असं मला सांगण्यात आलं. उजेडापासून जपायला डोळ्यांना लावायची पट्टी तिच्या अर्ध्या तोंडावर यायची. हे लेकरू भागूसारखं दिसतं की मन्मथरावांसारखं, असं कुणीतरी फोनवर विचारलं. मी म्हणालो, अजून ते कुणासारखंच दिसत नाही.

आणि तिचा श्वास. कुणाचा श्वास बघत बसायची वेळ कुणावर येऊ नये. आधी पाच-सहा भराभर, कुत्र्याच्या पिल्लाचे असतात तसे. मग एक लहान. मग काहीच नाही. आपण वाट बघतो. पोट हलत नाही. आपलाही श्वास थांबलेला असतो, ते आपल्याला कळत नाही. तळपायाच्या दिव्यावरून पडद्यावर येणारा प्राणवायूचा आकडा उतरायला लागतो आणि मशीन ओरडते. सिस्टर येते, पेटीच्या गोल खिडकीतून हात घालते, तळपायाला बोटानं हलकी टिचकी मारते किंवा पाठीवरून दोन बोटं फिरवते. लेकरू दचकतं, तोंड वाकडं करतं आणि पुन्हा सुरू होतं. सिस्टर दुसऱ्या पेटीकडे जाते. आपण तिथंच उभे असतो, पुढच्या वेळेची वाट बघत.

डॉक्टर मॅडम भागूच्याच वयाच्या होत्या. समजावून सांगायची त्यांना सवय असावी.

"हिला रोग झालेला नाही, आप्पा. ही लवकर आलीय एवढंच. श्वास घेत राहायची आठवण मेंदूनं द्यायची असते. तो अजून कच्चा आहे. दिवस भरत जातील तसं हे कमी होईल."

"आन् तवर?"

"औषध चालू आहे. औषध त्याचं काम करतंय. बाकी सगळं हातानं करायचं."

हातानं म्हणजे काय, ते मी त्या दिवसांत काचेतून बघितलं. मान पुढे झुकली तरी हवेची वाट बंद होते, फार मागे गेली तरी होते, म्हणून खांद्याखाली मऊ कापडाची पातळ घडी. मशीन लावलेली असताना थोडा वेळ पालथं झोपवायचं, त्यानं छाती जरा बरी हलते. ऊब बेताची, गारठली तरी ती थांबायची, जास्त तापली तरी थांबायची. जोरात बोलायचं नाही, पेटीवर वस्तू ठेवताना आवाज करायचा नाही. उगीच हात लावून त्रास द्यायचा नाही, पण थांबली की लगेच हात लावायचा. एवढंच. मोठं ऑपरेशन नाही, बाहेरून मागवायचं इंजेक्शन नाही, की धावपळ करून आणून टाकलं. एक माणूस डोळे उघडे ठेवून जवळ हवा. आणि ते हात सगळे दुसऱ्यांचे होते. माझे दोन्ही हात खिशात होते.

मग एका सकाळी रेणुका सिस्टर माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्या किनवटकडच्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की मागे फिरायला जागा ठेवायच्या नाहीत.

"आप्पा, आंघोळ करून या. अंगाला वासाचं काई लावू नका. आन् ते तोंडातलं थुंका आधी."

"कामून हो?"

"लेकराला कांगारू द्यायचंय."

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, कारण मग त्यांनी सोपं करून सांगितलं. लेकराला उघडं करून माणसाच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून कापडानं बांधायचं, आणि बसून राहायचं. खरं तर हे आईचं काम. आई वर बेशुद्ध. मन्मथराव आल्या दिवसापासून खोकत होते, त्यांना दारातूनच परत पाठवलेलं. अव्वाला भागूच्या उशाशी बसवलेलं. "राहिलं कोण? तुमीच," सिस्टर म्हणाल्या. बायकोनं शपथा घालून, मुलीनं अबोला धरून सुटली नव्हती ती तंबाखू मी त्या सकाळी दवाखान्याच्या मोरीत थुंकली. त्यासाठी नातीला श्वास थांबवावा लागला, असं अव्वा अजून ऐकवते.

सदरा काढला, बनियन काढलं, आणि सिस्टरचं लक्ष माझ्या छातीवर गेलं. "ते गळ्यातलं काढून ठेवा."

गळ्यात लिंग होतं. चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं, बरोबर छातीच्या मधोमध. आम्ही लिंगायत. गुरूंनी बांधलेलं लिंग अंगावेगळं करायचं नसतं. आंघोळीला नाही, आजारात नाही. श्वास सुटल्यावरसुद्धा ते माणसाच्या सोबतच जातं.

"ते निघत न्हाई, सिस्टर."

"निघत न्हाई म्हंजी? गाठ बसली का?"

"गाठ न्हाई. काढायचंच नसतंय ते."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, डबी टोचंल तिला, कातडी किती नाजूक हाय बगा, आन् ह्या दोऱ्यात किती घाण ऱ्हाती तुमाला ठाव न्हाई. सगळं खरं होतं. मी कमरेपासून वर उघडा, अंगावर थंडीचा काटा, त्या खोलीत उभा होतो. माझ्या जन्मापासूनचा देव आणि कालपरवा जन्मलेली नात, दोघांना माझ्या छातीवरची तेवढीच जागा पाहिजे होती. बाजारात मी रोज कुणाकुणाची समजूत घालतो. तिथं मला स्वतःची घालता येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सिस्टरनं बघितलं, आणि त्यांनी वरच्या मजल्यावरून अव्वाला बोलावून घेतलं.

अव्वानं एकदा माझ्याकडे, एकदा पेटीकडे बघितलं. "आवो, रडायलाव काय? डोक्याला बांधा की! आमचे दादा विहिरीत गाळ काढायला उतरायचे तवा पटक्यात बांधायचे. बेंबीच्या खाली न्हाई गेलं म्हंजी झालं." मग डबी पुसून घेतली, स्वच्छ कापडात गुंडाळून माथ्यावर बांधली आणि वरून दवाखान्याची हिरवी टोपी चढवली. डॉक्टर मॅडम राउंडला आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या. "आप्पा, डोक्याला काय लागलं?" रेणुका सिस्टर हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

तिला माझ्या छातीवर ठेवलं. डोकं एका अंगाला, मान जराशी उचललेली, तोंड मला दिसेल असं, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापड. "बोलायचं न्हाई. नुस्तं बसायचं," सिस्टर म्हणाल्या. मला गप्प बस असं आयुष्यात पुष्कळांनी सांगितलं. ऐकलं ते त्या दिवशी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तुमची छाती वरखाली होते, तिची ऊब, ठोके, ते सगळं तिला लागतं. मी श्वास घ्यायला लागलो आणि मला तो घेता येईना. इतकी वर्षं जो आपोआप येत होता, त्याच्याकडे लक्ष गेल्याबरोबर तो अडखळायला लागला. जोरात घेतला तर ती हलेल, हळू घेतला तर तिला कळणार नाही, असं काहीतरी डोक्यात. हळूहळू दोघांचं जमलं. माझ्या छातीवरच्या पिकलेल्या केसांत तिच्या श्वासाची ओलसर ऊब लागत होती, फुंकर म्हणावी इतकीही नाही.

आणि मग ती ऊब थांबली. मशीनच्या आधी मला कळलं. मी दोन बोटं तिच्या पाठीवरून फिरवली, सिस्टरनं शिकवलं होतं तसं. एकदा. पुन्हा. तिच्या पाठीचे मणी माझ्या बोटांना लागत होते. मग ती आक्रसली आणि श्वास परत आला. मला वाटलं आपण केलं. त्याच दुपारी ती पुन्हा थांबली, पुन्हा बोटं फिरवली, पण परत यायला तिनं इतका वेळ लावला की माझा गर्व उतरला. बोट फिरवणं तेवढं माझ्याकडे होतं. श्वास तिनंच घ्यायचा होता. तिनं नाही म्हटलं असतं, तर माझ्या त्या बोटाला काय किंमत होती?

असे दिवस गेले. सकाळी आंघोळ, डोक्याला लिंग, छातीवर नात. छातीवर असली की मशीन कमी ओरडते, असं सिस्टर म्हणायच्या. मला तरी कमी म्हणजे किती, हे कळत नव्हतं. ती ओरडायची तेव्हा मला तेच पहिलं आणि तेच शेवटचं वाटायचं.

येळवस त्यातच आली. ज्यांनी आमचा भाग बघितलेला नाही त्यांना सांगायला पाहिजे, की त्या दिवशी लातूर-उदगीर रिकामं होतं. दुकानं बंद, बाजार बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळं गाव शिवारात. कडब्याची कोपी उभारून आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पुजायचे, आणि येईल त्याला बोलावून भज्जी-भाकरी, आंबील वाढायची. स्वतःचं रान नसलेलाही त्या दिवशी कुणाच्या तरी रानात जेवतो. उपाशी कुणी राहायचं नसतं. आमच्या रानातूनही त्या दिवशी दवाखान्यात डबा आला. सगळ्या सिस्टरांना पुरेल एवढी भज्जी, आणि मडक्यातली आंबील. झाकण काढलं तेव्हा तो आंबूस, लसणाचा वास त्या औषधी खोलीच्या दारापर्यंत आला, आणि मला क्षणभर बरं वाटलं. ऊन खिडकीतून आत आलेलं. बाहेर रस्त्यावर आवाज नाही. ती माझ्या छातीवर.

ती थांबली. मी बोटं फिरवली. मशीन ओरडायला लागली. मी पुन्हा फिरवली, जरा जोरात. रेणुका सिस्टर आल्या, तळपायाला टिचकी मारली. एक, दोन. काही नाही. ओठ निळे झाले, मग कपाळ, मग सगळंच तोंड जांभळाच्या रंगाचं. सिस्टरनं कापड सोडलं, तिला माझ्या छातीवरून उचललं आणि टेबलावर ठेवलं. खांद्याखाली घडी सारली, मान सरळ केली, तोंडावर छोटा मास्क धरून हातातला फुगा दाबायला लागल्या. डॉक्टर धावत आल्या. मला कुणी बाहेर जा म्हणालं नाही, कारण मी तिथं आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मी खुर्चीत तसाच, छाती उघडी, त्यावर तिच्या अंगाची ओल अजून होती आणि ती ओल गार पडत चालली होती. मी देवाला काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते आठवत नाही. बोलण्यावर जगलेल्या माणसाला शब्द आठवत नाहीत, यातच काय ते समजा. मग ती रडली. रडली म्हणजे मांजराच्या पिल्लागत बारीक चिरकली. डॉक्टर खाली वाकून बघत राहिल्या, मग सरळ झाल्या आणि स्वतःच्या पाठीला हात लावला.

"कामून झालं मॅडम? माझं काई चुकलं?"

"नाही आप्पा. तुमचं काही चुकलं नाही."

"मग?"

"ती लहान आहे. म्हणून झालं."

मी त्यांना पुन्हापुन्हा विचारत राहिलो. कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. कारणाशी भांडता येतं. लहान असणं याच्याशी कसं भांडायचं? भज्जी त्या दिवशी सिस्टरांनी उशिरा, गार झालेली खाल्ली. मलाही एक घास खायला लावला.

भागू शुद्धीवर आली, मग बसायला लागली, मग एक दिवस चाकाच्या खुर्चीतून खाली आली. तिनं मुलीला तोवर फक्त मन्मथरावांच्या फोनवर बघितलेलं. रेणुका सिस्टरनं माझ्या छातीवरचं गाठोडं सोडवलं आणि तिच्या छातीवर ठेवलं. भागूच्या हाताला सलाइनचे डाग, ओठ सुकलेले. मुलीनं डोकं दोनदा इकडून तिकडे घासलं आणि निवांत झोपली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो, आकडा हलला नाही. मला आनंद झाला. झालाच पाहिजे होता. आणि सदऱ्याच्या गुंड्या लावून झाल्यावरही मी छातीवरचा हात काढला नाही.

संक्रांतीच्या सुमाराला तिला पेटीतून उघड्या पाळण्यात घेतलं. थांबणं आता क्वचित. अव्वाला धीर आला. तिनं घरून राळ्याची उशी आणली. आमच्याकडे पहिल्या नातवंडाला आजीनं राळ्याचं बारीक धान्य भरून तळहाताएवढी उशी शिवायची असते, त्यानं डोकं गोल होतं म्हणतात. भागूही तसल्याच उशीवर वाढली. मऊ जुन्या लुगड्याची खोळ, टाके इतके बारीक की दिसू नयेत. भागू पोटुशी असल्याचं कळल्यापासून ती शिवत होती. सिस्टर पलीकडे दुसऱ्या लेकराजवळ असताना अव्वानं मायेनं ती उशी डोक्याखाली सारली. डोकं वर उचललं गेलं, हनुवटी छातीला लागली, आणि मशीन ओरडली. रेणुका सिस्टरनं येऊन उशी काढली, मान सरळ केली, पाठीवरून हात फिरवला. लगेच श्वास आला. "डोक्याखाली काई न्हाई ठेवायचं, अव्वा," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अव्वा भिंतीला टेकून खाली बसली. त्यानंतर दवाखान्यात असेपर्यंत तिनं लेकराला बोट लावलं नाही. घ्या म्हटलं की हात पदराखाली घ्यायची.

घरी सोडायचा दिवस आला तेव्हा सगळे पेढे वाटत होते आणि मी डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होतो. घरी मशीन नाही. मग कळणार कसं? डॉक्टर म्हणाल्या, बरेच दिवस झाले, ती एकदाही थांबलेली नाही. आता ती विसरत नाही. घरी उताणीच झोपवा, आजूबाजूला उशा-गोधड्यांचा ढीग नको, शेगडी-धुरी नको, घरात कुणी बिडी ओढायची नाही. मी सगळं ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "पण थांबली तर कळणार कसं?" त्या म्हणाल्या, "आप्पा, आता तिच्यावर विश्वास ठेवायचा." चाळीस किलोच्या पोत्यावर मी विश्वास ठेवत नाही, पुन्हा काट्यावर घालतो. उदगीरला आल्यावर घर शांत होतं आणि त्या शांततेनं माझा जीव जायची वेळ आली. ज्या मशीनला मी शिव्या घालत होतो, तिच्या आवाजासाठी मी कान देऊन बसायचो.

आज गिरिजा वरच्या पट्टीत बोलते. दुकानात आलेल्या शेतकऱ्याला, "काका, तुमची सोयाबीन वली हाय," असं तोंडावर सांगते आणि माझा सौदा मोडते. दमेपर्यंत पळते, धापा टाकत येऊन माझ्या मांडीवर आदळते. लोकांना ते खोडकर पोर दिसतं. मला धाप दिसते. किती सुंदर असते धाप, हे मी कुणाला सांगायला गेलो तर म्हणतील, आप्पाचं वय झालं.

आणि आता हा सातवा महिना. भागूचं बीपी या वेळीही चढलंय. गोळी चालू आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, बाळाची फुप्फुसं लवकर पक्की व्हावीत म्हणून इंजेक्शनंही देऊन झाली आहेत. आम्हाला आता सगळं माहीत आहे: मान कशी ठेवायची, पाठीवरून बोट कसं फिरवायचं, छातीवर कसं घ्यायचं. माहिती असली की भीती कमी होते म्हणतात. आमची वाढली. तेव्हा पुढे काय आहे ते कळत नव्हतं, आता एकेक पायरी दिसते. अव्वानं या वेळी काहीच शिवलेलं नाही. ना झबलं, ना दुपटं. विचारलं तर म्हणते, डोळे गेलेत माझे, सुईत दोरा ववता येईना. परवाच मी तिला तांदळातले खडे निवडताना बघितलं, एक सुटत नव्हता.

आज येळवस. मन्मथराव नांदेडहून आलेत, डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन गिरिजाला बोटाला धरून रानात गेले. अव्वाही गेली, भागूनंच हट्टानं पाठवलं. भागूला खाचखळग्यांच्या रस्त्यानं नेता येत नाही, म्हणून मी तिच्याजवळ थांबलोय. गल्लीत एक माणूस नाही. दारावर कडक ऊन. ती खाटेवर डाव्या कुशीला, मी खाली चटईवर पाठ टेकून.

"आप्पा, झोप लागली का?"

"न्हाई गं."

"ह्या बारीला बी तसंच झालं तर?"

गिऱ्हाईक काय विचारणार हे मला आधीच कळतं आणि उत्तर ओठावर तयार असतं. हा प्रश्न मी आठवडाभर येणार येणार म्हणून टाळत होतो. जे सुचलं ते म्हणालो.

"झालं तर सदरा काढून बसंन की."

ती हसली. पोट धरून, बेतानं हसली. मग हसू ओसरलं आणि ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आन् तेवढ्यानं भागलं न्हाई तर?"

होईल सगळं बरं, असं म्हणता आलं असतं. बाजारात रोज म्हणतोच. तिच्या तोंडाकडे बघून म्हणवलं नाही. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली. मग दुसरी. चांगली जोरकस. आत अजून त्याला श्वास घ्यायचा नव्हता. त्याच्या वाट्याचा भागूच घेत होती. तिचं पोट माझ्या हाताखाली वर येत होतं, खाली जात होतं. हा हात मी इथून उचलूच नये, असं मला वाटलं. मी गुडघ्यावर आलो, वाकलो आणि, ज्याला आयुष्यभर प्रत्येक मालाची घाई, तो मी, त्या पोटाजवळ तोंड नेऊन म्हणालो, "बस बाबा तिथंच. निवांत बस. भाईर तुझ्यावाचून कुणाचं काईच अडलेलं न्हाई."